व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय पहिल्यांदाच शिकवायला मिळाला असेल तर: अभियांत्रिकी महाविद्यालयातील नव्या प्राध्यापकांसाठी

अभियांत्रिकी महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या किंवा तासिका तत्त्वावर आलेल्या प्राध्यापकाच्या वाट्याला ‘व्यावसायिक नीतिमत्ता आणि सामाजिक दायित्व’ हा विषय बहुधा विभागातले बाकीचे विषय वाटून झाल्यावर येतो. यात अवघड काही नाही, मागच्या वर्षीच्या पीपीटी आहेत, मुले पास होतात, असे त्याला सांगितले जाते. मी हा विषय स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकवतो आणि माझे मत याच्या नेमके उलट आहे. काँक्रीटचे मिश्रण शिकवण्यापेक्षा हे काम अवघड आहे, कारण इथे विद्यार्थ्याला बरोबर उत्तर आधीच माहीत असते. ‘अभियंत्याने प्रामाणिक असावे का?’ या प्रश्नावर अख्खा वर्ग ‘हो’ म्हणतो आणि त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतली रीडिंग्ज दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवतो.

या विषयात शिकवण्यासारखे, माझ्या समजुतीप्रमाणे, एकच आहे: आपल्या सहीचा परिणाम ज्याच्यावर होणार तो माणूस सही करण्यापूर्वी डोळ्यांसमोर आणणे आणि त्याला समोर बसवून सांगता येतील अशा कारणांनी निर्णय घेणे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत. उदाहरणे स्थापत्य शाखेची आहेत. तुमची शाखा वेगळी असेल तर तिच्या रोजच्या कामातली उदाहरणे घ्या, पण क्रम शक्यतो हाच ठेवा.

१. आधी कागद हातात घ्या

विद्यापीठागणिक या विषयाचे नाव आणि क्रेडिट बदलतात. कुठे तो ‘वैश्विक मानवी मूल्ये’ या नावाने येतो, कुठे नव्या शैक्षणिक धोरणातील मूल्यशिक्षणाच्या गटात बसतो, तर कुठे त्याचा अर्धा भाग समाजसहभाग प्रकल्प म्हणून वेगळा काढलेला असतो. महाराष्ट्रात तात्त्विक विषयाचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास असा हिशेब असल्यामुळे, आपल्याकडे नेमके किती तास आहेत ते पहिल्याच दिवशी मोजून घ्या. सत्र सुरू होण्यापूर्वी पुढील गोष्टी जमवून ठेवा:

- विद्यापीठाची अभ्यासक्रमाची अधिकृत प्रत आणि गुणांची विभागणी
- विभागाचे सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे विषयाच्या निष्पत्ती (सीओ) पदवी कार्यक्रमाच्या निष्पत्तींशी (पीओ) जोडणारा तक्ता
- इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) या संस्थेची आचारसंहिता
- विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविषयक २०१८ चे विनियम
- निवडलेल्या दोन किंवा तीन प्रकरणांची कात्रणे, चौकशी अहवालांतील उतारे आणि न्यायालयीन निकाल
- बाहेरच्या कामासाठी प्राचार्यांची परवानगी, विद्यार्थ्यांच्या विम्याची प्रत आणि ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्यायचे पत्र

मॅपिंगचा कागद नुसती औपचारिकता समजू नका. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांतील पदवीला इतर सदस्य देशांत समकक्ष मानले जाण्याचा मार्ग खुला झाला. मंडळाच्या बारा कार्यक्रम-निष्पत्तींच्या यादीत सहावी अभियंता आणि समाज, सातवी पर्यावरण आणि आठवी नीतिमत्ता अशी होती. विभागाच्या बैठकीत कोणी तुमचे तास प्रोजेक्टसाठी मागायला आले, तर हा कागद तुमच्या बाजूने बोलतो.

२. सुरुवात विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या कामापासून करा

पहिल्या तासाला तत्त्वज्ञांची नावे फळ्यावर लिहू नका. त्याऐवजी क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद मोजण्याच्या चाचणीचे, रजिस्टर वर्गात न्या.

मी दोन पानांची एक नोंदवही स्वतः तयार करतो आणि ती काल्पनिक असल्याचे विद्यार्थ्यांना आधीच सांगतो. तीत एम-२५ काँक्रीटच्या १५ सेंटिमीटर क्यूबांच्या नोंदी असतात: ओतल्याची तारीख, चाचणीची तारीख, भार, ताकद, सही. विद्यार्थ्यांनी गटाने बसून त्यात खटकणाऱ्या जागा शोधायच्या. एका ठिकाणी २८ दिवसांचा म्हणून लिहिलेला निकाल बावीस दिवसांतच आलेला असतो. एका चाचणीची तारीख दिवाळीच्या सुट्टीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पडते. एका नमुन्याच्या तिन्ही क्यूबांची ताकद दशांशासकट सारखी असते. खऱ्या क्यूबांच्या बाबतीत असे जवळपास कधीच घडत नाही, म्हणूनच तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सरासरीच्या १५ टक्क्यांपर्यंतची तफावत ग्राह्य धरली आहे. शेवटच्या रकान्यात मात्र सगळीकडे एकच सही एकाच शाईत असते.

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही या जागा पंधरा मिनिटांत सापडतात, आणि अशी नोंद कशी बनते हेही त्यांना कोणी समजावून द्यावे लागत नाही, कारण रीडिंग जुळवणे म्हणजे काय ते त्यांना चांगलेच ठाऊक असते. इथे थांबून एकच प्रश्न द्या: ‘या क्यूबचे काँक्रीट ज्या स्तंभात गेले त्या इमारतीत राहायला येणाऱ्या कुटुंबाला ही नोंद कशी समजावून सांगाल?’ उत्तर वर्गातच, हाताने, अर्ध्या पानात लिहून घ्या.

यातला सापळा असा की शिक्षक इथून लगेच जर्नल उतरवणाऱ्यांना झापण्याकडे वळतो. तसे झाले की वर्ग मिटतो आणि पुढचे सगळे तास तुम्हाला हवी ती उत्तरे मिळत राहतात, खरी मिळत नाहीत. जर्नलचा विषय निघाला तर तो व्यवस्थेचा प्रश्न म्हणून चर्चेला घ्या: एकाच दिवशी दहा राइट-अप सबमिट करायला लावणारे वेळापत्रक कोणी केले, यंत्र बंद असताना प्रयोग झाला असे कोण दाखवते? या प्रश्नांची झळ शिक्षकांनाही लागते आणि ती लागू द्यावी.

३. आचारसंहिता वाचून घ्या आणि तिची मर्यादाही सांगा

डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल आणि वास्तुविशारद यांच्या मागे कायद्याने स्थापन झालेल्या परिषदा आहेत. तिथे नोंदणी रद्द होऊ शकते. अभियंत्यांसाठी देशभर लागू असलेला असा नोंदणी कायदा भारतात नाही. १९२० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची आचारसंहिता आहे, पण ती तिच्या सदस्यांपुरती. वास्तुविशारदांचा कायदा १९७२ पासून आहे आणि त्याच इमारतीचा सांगाडा आखणाऱ्यासाठी तसा कायदा नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा पहिल्यांदाच कळते. ‘मग आपल्याला अडवणार कोण?’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. त्यासाठी एक तास पुरतो.

४. प्रकरण निर्णयाच्या क्षणी थांबवा

प्रकरणे दोन किंवा तीनच घ्या, पण खोलात जा. भोपाळ टाळता येत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला हे विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते. त्यापूर्वीचे मात्र ऐकलेले नसते. टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिने बंद होती, वायू जाळून टाकणारा ज्वालास्तंभ जोडणीतून काढलेला होता, १९८२ मध्ये कंपनीच्याच तपासणी पथकाने त्रुटी लिहून दिल्या होत्या, आणि त्याच वर्षापासून राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार शहराला धोका असल्याचे लिहीत होते. म्हणजे माहिती होती आणि ती कागदावरही होती. २०१० मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलेल्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली.

हे प्रकरण मी शेवटाकडून सांगत नाही. विद्यार्थ्यांना फक्त १९८४ च्या उन्हाळ्यापर्यंतची माहिती देतो आणि त्यांना देखभाल विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याच्या जागी बसवतो. कारखाना तोट्यात आहे, माणसे कमी केली जात आहेत, शीतकरण बंद ठेवून वीज वाचवा असा आदेश आला आहे. तू काय लिहिशील, कोणाला लिहिशील, उत्तर आले नाही तर पुढे काय? लिहून झाल्यावरच उरलेली कागदपत्रे वाटतो. शेवट माहीत असला की प्रत्येक जण शूर होतो. शेवट माहीत नसताना मात्र हुशार आणि सज्जन मुलेही ‘वरिष्ठांच्या आदेशाचे पालन करीन’ असे लिहितात, आणि खरी चर्चा त्या वाक्यापासून सुरू होते.

दुसरे प्रकरण आपल्या भागातले घ्या. पुण्यात शिकवत असाल तर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आहे: निर्गम दरवाजांचे काम पुरे झालेले नसताना धरणात पहिल्या पावसाळ्याचे पाणी साठले, धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. काम पूर्ण करण्याची घाई आणि अपूर्ण कामावर पाणी साठवण्याची जोखीम यांची चर्चा करायला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. शिवाय तो दिवस पाहिलेले कोणी ना कोणी विद्यार्थ्यांच्या आजोळी भेटते. मुंबईत असाल तर १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या हिमालय पुलाचा भाग कोसळून माणसे मेली, ते प्रकरण घ्या. त्या पुलाचे स्ट्रक्चरल ऑडिट झालेले होते आणि किरकोळ दुरुस्ती सांगून तो वापरण्यायोग्य ठरवला गेला होता. चौथ्या वर्षाच्या वर्गातील काही मुले दोन वर्षांत नेमके हेच काम करणार असतात. तपासणीत कुठले आवरण काढून आत पाहिले, कुठले पाहिले नाही आणि न पाहिलेल्या भागाबद्दल अहवालात काय लिहायचे, हा संपूर्ण तांत्रिक आणि त्याच वेळी संपूर्ण नैतिक प्रश्न आहे.

इथले दोन धोके लक्षात ठेवा. ज्या प्रकरणात न्यायालयाचा अंतिम निकाल तुमच्या हाती नाही, तिथे व्यक्तींची किंवा कंपन्यांची नावे घेऊन वर्गात दोष ठरवू नका, भूमिकांबद्दल बोला. आणि परदेशी प्रकरणांनी तास भरू नका. अभियंत्यांचा इशारा डावलून सोडलेल्या आणि उड्डाणानंतर लगेच नष्ट झालेल्या चॅलेंजर यानाचे उदाहरण उत्तम आहे, पण तेवढेच शिकवले तर नीतिमत्ता ही नासामध्ये नोकरी लागल्यावर उपयोगी पडणारी गोष्ट आहे, असे विद्यार्थ्यांना वाटू लागते.

५. ‘नाही’ म्हणण्याची रीत शिकवा

बहुतेक अभ्यासक्रम ‘गैरप्रकार उघड करावा’ येथे संपतात आणि कसा उघड करावा ते सांगत नाहीत. सत्येंद्र दुबे यांचे उदाहरण सांगणे मला आवश्यक वाटते, पण ते जपून सांगावे. आयआयटी कानपूरचे हे अभियंता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात काम करत होते. सुवर्ण चतुर्भुज प्रकल्पातील गैरव्यवहारांबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. तपास यंत्रणेने हत्येचे कारण लूटमार असल्याचे म्हटले आणि २०१० मध्ये आरोपींना शिक्षा झाली. हेही सांगा, अर्धे सांगू नका.

नुसते हे ऐकवून सोडले तर एकवीस वर्षांच्या मुलाच्या मनात भीती तेवढी उरते. म्हणून त्यांना पुढचा मार्ग दाखवा. दुबे यांच्या मृत्यूनंतर, २००४ च्या केंद्र सरकारच्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशी तक्रार करण्याची सोय झाली: बंद पाकिटात, ठरावाचा उल्लेख पाकिटावर आणि तक्रारदाराचे नाव फक्त आतल्या पत्रात, निनावी तक्रार घेतली जात नाही. २०१४ मध्ये जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला. पण तक्रार ही शेवटची पायरी असते. तिच्या आधी साइटवरच्या डायरीत तारखेसह नोंद करणे, तोंडी आदेश ई-मेलने पक्का करून घेणे, असहमती सभ्य भाषेत लेखी कळवणे आणि प्रत जपून ठेवणे, हे रोजचे मार्ग असतात. माझ्या वर्गात प्रत्येक विद्यार्थी एक पत्र लिहितो: ‘आपण सांगितल्याप्रमाणे आज स्लॅब भरण्यास माझी हरकत आहे, कारण…’ हे पत्र लिहिण्यात जी मेहनत पडते तिच्यातून ते जितके शिकतात तितके कोणत्याही व्याख्यानातून शिकताना मी पाहिलेले नाहीत. पहिला मसुदा नेहमीच एकतर आरोपपत्र असतो किंवा माफीनामा. दुसऱ्या-तिसऱ्या मसुद्यात निरीक्षण, नियमाचा आधार, पर्याय आणि विनंती असा क्रम लागतो.

याच जोडीला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला शिकवा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत साधारण तीस दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. महाविद्यालयासमोरच्या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारायला तेवढे शब्द पुरतात.

६. सामाजिक दायित्व नकाशात दाखवा

वृक्षारोपण, स्वच्छता मोहीम आणि रक्तदान चांगलेच आहे. त्यासाठी राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून काम करते आहे. तुमच्या विषयाने त्याची नक्कल करू नये. अभियंत्याचे सामाजिक दायित्व त्याच्या ड्रॉइंगमध्ये दिसले पाहिजे.

यासाठी मी सांडपाण्याच्या चेंबरचा साधा आराखडा फळ्यावर काढतो. खोली, व्यास, झाकण, पायऱ्या ही सगळी मापे विद्यार्थी भराभर सांगतात. मग विचारतो: हे तुंबल्यावर यात कोण उतरेल? काही क्षण कोणीच बोलत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर आणि संरक्षणाशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. तरीही माणसे उतरतात, मरतात, आणि ती कोणत्या जातींतली असतात हे वर्गात सगळ्यांना माहीत असते. यंत्राचा पाइप पोचेल असा रस्ता ठेवला का, चेंबरमधले अंतर यंत्राला झेपेल असे आहे का, गल्लीच्या टोकाच्या सेप्टिक टँकपर्यंत टँकर जाईल का, हे प्रश्न ड्रॉइंग काढणाऱ्याच्या हातातले आहेत.

जातीचा उल्लेख टाळून हा भाग शिकवता येत नाही, आणि टाळूही नये. मात्र कोणत्याही विद्यार्थ्याला स्वतःच्या घरचा अनुभव सांगायला लावू नका. कोणी स्वतःहून बोलले तर ऐकून घ्या आणि त्याला वर्गाचा नमुना बनवू नका.

७. बाहेरचे काम एकच, पण पुरते करा

गावात जायचे असेल तर प्रश्न गावाचा घ्या. आयआयटी मुंबईच्या सितारा केंद्रातले विद्यार्थी अनेक वर्षे ग्रामीण भागातील नळपाणी योजनांसारख्या विषयांचा क्षेत्रीय अभ्यास करत आले आहेत. त्या धर्तीवर लहान प्रमाणात कोणतेही महाविद्यालय काम करू शकते. जल जीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे आहे. टाकीजवळच्या आणि वाडीतल्या शेवटच्या नळाखाली पंधरा लिटरची बादली ठेवायची, मोबाइलवर वेळ मोजायची, पाणी किती वेळ आले ते घरातल्या बाईंना विचारायचे आणि माणशी हिशेब मांडायचा. साधने एवढीच लागतात. टाकीजवळ बादली मिनिटाभरात भरते आणि शेवटच्या घरी ती भरेपर्यंत मुले उन्हात उभी राहतात, तेव्हा दाबाचे समीकरण आणि न्यायाचा प्रश्न त्यांना एकाच वेळी भेटतो.

निघण्यापूर्वी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना लेखी कळवा, घरात जाण्यापूर्वी परवानगी घ्या आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ‘आम्ही पाणी आणून देऊ’ असे विद्यार्थी उत्साहात बोलून जातात. ते निघण्यापूर्वीच बजावून थांबवा. आणि निष्कर्ष गावाला परत द्या. निकाल महाविद्यालयाच्या फाइलीत राहिला तर लोकांनी दिलेला वेळ आपण वापरून टाकला असा त्याचा अर्थ होतो.

८. गुण मताला देऊ नका, कारणांना द्या

दहा गुणांच्या उत्तराची मी अशी विभागणी करतो: वस्तुस्थिती अचूक मांडली का, याला दोन, कोणाकोणावर परिणाम होतो ते ओळखले का, याला दोन, किमान तीन खरेखुरे पर्याय मांडले का, याला तीन, निवडलेल्या पर्यायाविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप स्वतः लिहून त्याला उत्तर दिले का, याला तीन. ही विभागणी पहिल्या आठवड्यातच वर्गाला सांगा. ‘वरिष्ठांचे ऐकीन’ असे लिहिणाऱ्याने कारणे भक्कम दिली असतील तर त्याला गुण मिळाले पाहिजेत, नाहीतर विद्यार्थी तुमचे मत ओळखून लिहायला शिकतात.

घरून लिहून आणायचे निबंध देऊ नका. ते चॅटजीपीटीकडून येतात आणि सगळे सारखेच सज्जन असतात. वर्गातले लेखन, स्वतः मोजलेली आकडेवारी आणि दहा मिनिटांची ओरल यांवर भर द्या. अहवालांच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांतील टप्पे दाखवून ठेवा: साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर ती कडक होत जाते. हे टप्पे मुख्यतः प्रबंधांसाठी असले तरी विद्यार्थ्याला अंदाज येतो. आकडा शून्य आला म्हणून काम स्वतःचे ठरत नाही, हेही सांगावे लागते.

९. वेळेचे गणित

जुलैमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात हे सगळे बसवायचे तर ग्रामपंचायतीचे पत्र जूनमध्येच जायला हवे, म्हणजे १५ ऑगस्टच्या सुमाराच्या ग्रामसभेत तुमच्या कामाची माहिती देता येते. मोजणी ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरमध्ये करा. २ ऑक्टोबरच्या सुमाराला होणाऱ्या ग्रामसभेत विद्यार्थ्यांनी मराठीत, एका पानावर, शेवटच्या नळाचा आकडा मोठ्या अक्षरात लिहून निष्कर्ष मांडावेत आणि त्या पानाच्या पोचपावतीची प्रत कोर्स फाइलला लावावी. अंतर्गत परीक्षेचे वेळापत्रक नेमके याच आठवड्यात येते, म्हणून तारखा विभागप्रमुखांकडून जूनमध्येच लेखी मंजूर करून घ्या.